दोन पाकिटे काडतुसे



गेल्या महिन्यात शाळेच्या खर्चाच्या वहीत एक नोंद झाली : ‘काडतुसे, २ पाकिटे.’ हिशेब तपासताना मा. कोषाध्यक्ष त्या ओळीवर थांबले. चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी विचारले, “सर, शाळेत काडतुसे कशाला आणलीत?” क्षणभर आम्हालाही उत्तर सुचेना. मग उलगडा झाला. हिशेब मराठीत लिहावा असा आमचाच आग्रह असतो. कार्यालयातील बाबूंनी बिलावरचा ‘कार्ट्रिज’ हा शब्द शब्दकोशात पाहिला आणि तेथे जो अर्थ सापडला तो वहीत उतरवला. आमचे स्वतःचे शिक्षण हिंदी माध्यमातले, तिकडेही ‘कारतूस’च. दोन्ही भाषांनी हा शब्द बंदुकीत भरून ठेवला आहे, त्याला बाबू तरी काय करणार! पेनात घालायच्या शाईभरल्या नळीला आपल्याकडे वेगळे नाव पडले नाही, कारण ती वस्तू आपल्याकडे फारशी रुजलीच नाही. म्हणून या लेखात आम्हीही निमूटपणे ‘कार्ट्रिज’ म्हणणार आहोत.

पण ती दोन पाकिटे मिळवायला आम्हाला जवळजवळ दोन महिने लागले. त्या दोन महिन्यांत जे कळले, ते शाळेच्या एका निर्णयाशी संबंधित असल्यामुळे येथे सविस्तर मांडत आहोत.

आपल्या शाळेची सन्मानवही पुष्कळांनी पाहिली असेल. वार्षिक परीक्षेत मराठीत प्रथम येणाऱ्या विद्यार्थ्याचे नाव लाल कापडी बांधणीच्या त्या जाड वहीत लिहिले जाते. त्यातील पंचवीसएक वर्षांची नावे एकाच हातची आहेत. आपल्या शाळेत मराठी शिकवणाऱ्या बाईंचे ते अक्षर. निळी-काळी शाई, ‘श्र’ची ती ठसठशीत गाठ, वेलांटी कधी आखूड नाही की शेजारच्या अक्षरावर चढलेली नाही. बाई निवृत्त झाल्या आणि पुढची पाने ज्याच्या हाती जे पेन आले त्याने लिहिली गेली. बॉलपेन, जेल पेन, आणि एका वर्षी तर हिरवे स्केचपेन. (ते वर्ष आमच्याच कारकिर्दीतले आहे, हे कबूल करतो.)

बाई दोन वर्षांपूर्वी वारल्या. त्यांच्या चिरंजीवांनी त्यांचे पेन शाळेला आणून दिले. पार्कर ४५, निळा दांडा, स्टीलचे टोपण. देताना ते एवढेच म्हणाले, “सर, हे काचेत ठेवू नका. वहीतली नावं याच पेनानं लिहा. आईला ते आवडलं असतं.” आम्ही लगेच हो म्हटले. त्यानंतर पेन उघडले. आत कोरडे पडलेले एक रिकामे कार्ट्रिज होते. नवीन आणू, असे म्हणून ते आम्ही कचऱ्याच्या टोपलीत टाकले. ही आमची पहिली चूक. ती केवढी मोठी होती हे पुढे कळले.

इंदूरमध्ये पेन, वही, पुस्तक म्हटले की पाय आपोआप खजुरी बाजाराकडे वळतात. आम्ही तेथे गेलो. “शाईच्या पेनाचे कार्ट्रिज आहे का?” पहिल्या दुकानात उत्तर मिळाले, “कौन सा प्रिंटर है, सर?” दुसऱ्या दुकानातही प्रिंटरच. तिसऱ्या दुकानातील वयस्कर गृहस्थांनी पेन हातात घेतले, टोपण काढले, निब उजेडात धरून पाहिली आणि अगदी प्रेमाने परत दिले. “अब कौन लिखता है इससे, साहब.” त्यांच्याकडे बॉलपेनच्या रिफिलींचे शंभर प्रकार होते. मग कोणीतरी जेल रोडला जा म्हणाले. तेथे तर मोबाइल आणि संगणक यांशिवाय दुसरे काही विचारण्याची सोयच नाही.

शेवटी ऑनलाइन मागवले. ‘सर्व पेनांना चालेल’ असे लिहिलेले पाकीट घरपोच आले. आखूड, बोटाच्या दोन पेरांएवढी कार्ट्रिजे. आमच्या पेनात ती बसेनात. आम्ही जोर लावला. बसल्यासारखे वाटले आणि त्याच दिवशी दुपारी विश्वस्त मंडळाच्या सभेची विषयपत्रिका आमच्या खिशातल्या शाईने निळी झाली. ज्या विश्वस्तांना ती तशी मिळाली, त्यांची येथे पुन्हा क्षमा मागतो.

हे असे का होते, ते विद्यार्थ्यांसाठी थोडक्यात सांगतो. कार्ट्रिजवर चालणाऱ्या पेनात निबच्या मागे एक बारीक नळी असते. कार्ट्रिज दाबून बसवले की ती नळी कार्ट्रिजचे बंद तोंड फोडते आणि शाई निबकडे येऊ लागते. म्हणजे सगळा खेळ त्या नळीच्या जाडीचा आणि कार्ट्रिजच्या तोंडाचा. दोन्ही जुळले तर ठीक. केसभर फरक पडला तर एकतर बसत नाही, नाहीतर गळते. आणि हे तोंड प्रत्येक कंपनीने आपापले ठरवले.

फ्रान्समध्ये वॉटरमन कंपनीने १९५३ साली ‘सी/एफ’ नावाचे पेन काढले, प्लॅस्टिकच्या कार्ट्रिजचे. तोवर काचेची कार्ट्रिजे होती, ती फुटत. प्लॅस्टिकचे कार्ट्रिज लोकांना आवडले. पाठोपाठ अमेरिकेत शेफर, जपानमध्ये प्लॅटिनम आणि मग १९६० साली पार्करचे ४५ आले. याच ४५ बद्दल एक मजेशीर गोष्ट सांगतात. त्याचे नाव म्हणे कोल्ट ४५ या प्रसिद्ध पिस्तुलावरून ठेवले गेले, कारण पेनात कार्ट्रिज घालणे म्हणजे पिस्तूल भरण्यासारखे! हे वाचले त्या दिवशी आम्ही बाबूंना बोलावून सांगितले की, तुमची नोंद अगदीच चुकीची नव्हती. ते अजून हा प्रसंग सर्वांना सांगत असतात.

त्याच १९६० मध्ये जर्मनीत पेलिकान कंपनीने शाळकरी मुलांसाठी पेलिकानो हे पेन आणले. त्याच्या घाटाचे आखूड कार्ट्रिज पुढे युरोपातील अनेक कंपन्यांनी स्वीकारले. सुमारे ३८ मिलिमीटर लांब, त्यात जेमतेम पाऊण मिलिलिटर शाई. हेच ते ‘सर्व पेनांना चालेल’ असे सांगून विकतात. पण ते सर्व पेनांना चालत नाही. पार्करला नाही, शेफरला नाही, जर्मनीच्याच लॅमीला नाही. पायलट, प्लॅटिनम, सेलर या तिन्ही जपानी कंपन्यांची तोंडे आणखी तीन निराळी. वस्तू एकाच कामाची, पण दहा कुलपांच्या दहा किल्ल्या.

आता बाईंच्या पेनाचे पुढे काय झाले ते सांगतो. शाई सांडल्याच्या प्रकरणानंतर ते पेन आमच्या टेबलावर पडून होते. नववीतील एक विद्यार्थिनी गैरहजेरीचा अर्ज घेऊन आली. तिने पेनाकडे पाहिले आणि म्हणाली, “सर, बाबांकडे पण पार्कर आहे, नवीन. त्याचं घालून बघू का?” आम्ही म्हटले, बाळ, हे साठ वर्षांपूर्वीच्या घाटाचे पेन आहे, ते कसे बसेल? मुलगी हट्टी. दुसऱ्या दिवशी वडिलांच्या पार्कर व्हेक्टरचे कार्ट्रिज रुमालात गुंडाळून घेऊन आली. घातले. टक् असा आवाज झाला आणि बसले. पाण्याने धुतलेली निब, दोन मिनिटे उलटी धरून ठेवली आणि कागदावर रेघ उमटली.

पार्करने १९६० पासून आपल्या कार्ट्रिजचे तोंड बदललेलेच नाही! आज जे पार्करचे कार्ट्रिज मिळते, तेच त्या पहिल्या ४५ मध्ये बसते. म्हणजे आम्ही ‘जुन्या पेनाचे जुने कार्ट्रिज’ शोधत बाजार पालथा घातला आणि दुकानदारही ‘जुने’ या शब्दालाच नाही म्हणत राहिले. आम्ही पेन दाखवण्याऐवजी नुसते ‘पार्करचे कार्ट्रिज’ मागितले असते, तर कदाचित दुसऱ्या-तिसऱ्या दुकानातच काम झाले असते. मागणाऱ्याला नेमके काय मागायचे हे ठाऊक नसले की दुकानातली वस्तूसुद्धा सापडत नाही. असो. त्या मुलीच्या वडिलांना आम्ही एक पूर्ण पाकीट परत दिले, दुसरे शाळेत ठेवले. हीच ती दोन पाकिटे.

पण प्रत्येक पेनाचे नशीब इतके चांगले नसते. आपल्या एका दिवंगत विश्वस्तांच्या कुटुंबाने त्यांचे पेनही शाळेला दिले आहे. ते नेमके वॉटरमन सी/एफ आहे. कोणा नातेवाइकाने परदेशातून आणलेले. निब सुंदर, दांडा निरोगी, आणि त्याचे कार्ट्रिज मात्र बनणे केव्हाच बंद झालेले. वॉटरमन कंपनी आजही कार्ट्रिजे बनवते, पण ती या पेनात बसत नाहीत. ज्या कंपनीने ही पद्धत लोकप्रिय केली, तिचेच पहिले पेन उपाशी. जुन्या साठ्यातली सी/एफची पाकिटे क्वचित कुठे विकायला येतात, पण त्यांचाही भरवसा नाही. प्लॅस्टिकच्या बंद नळीतूनही वर्षानुवर्षे पाणी उडून जाते आणि आत घट्ट गाळ तेवढा उरतो.

मंडळाच्या गेल्या सभेत अशी सूचना आली की, दोन्ही पेने प्रवेशदालनात काचेच्या पेटीत, नावाच्या पट्टीसह ठेवावीत. सूचनेमागचा आदर आम्हाला मान्य आहे. तरीही आमचे मत वेगळे आहे आणि ते आम्ही सभेतही मांडले. काचेतले पेन पाहून मूल एकदा थांबेल, पट्टी वाचेल, पुढे जाईल. बाईंच्या पेनाने स्वतःचे नाव सन्मानवहीत लिहिलेले मूल ते विसरणार नाही. आणि इंदूरसारख्या गावात, जिथे मुले घरी मराठी, रस्त्यावर हिंदी आणि मोबाइलवर इंग्रजी लिहितात, तिथे मराठीत पहिल्या आलेल्या मुलाच्या हाती ते पेन एका ओळीपुरते तरी द्यावे, एवढे तर आपल्याला जमावे. चिरंजीवांना दिलेला शब्दही आहेच.

याला जोडून दुसरा विषय आहे आणि तो आम्हाला अधिक बोचतो. काही वर्षांपूर्वी हस्ताक्षर स्पर्धेच्या विजेत्यांना देण्यासाठी आम्ही एका कंपनीची कार्ट्रिजची पेने घाऊक घेतली. निवड आमची स्वतःची होती. पेन दिसायला देखणे, डबीही छान, सोबत दोन कार्ट्रिजे. स्नेहसंमेलनात टाळ्या पडल्या. तीन-चार महिन्यांत मुलांची कार्ट्रिजे संपली आणि तसली दुसरी शहरात मिळेनात. मागच्या आठवड्यात एका पालकांची चिठ्ठी आली : ‘मुलीचे बक्षिसाचे पेन ड्रॉवरमध्ये आहे. ती ते कोणाला देऊ देत नाही आणि त्याने लिहिताही येत नाही.’ अक्षराचे बक्षीस म्हणून आपण मुलांना लिहिता न येणारे पेन दिले. दोष कंपनीचा असेल, पण घेताना ‘याला शाई कुठून मिळणार?’ हा प्रश्न आम्ही विचारला नाही.

हल्ली मोबाइलच्या चार्जरच्या बाबतीत लोक जागे झाले आहेत. युरोपीय संघाने डिसेंबर २०२४ पासून मोबाइल फोनला एकच यूएसबी-सी तोंड सक्तीचे केले. पेनांसाठी असा कायदा कोणी करणार नाही, तेवढा पसारा आता त्या धंद्याचा राहिला नाही. म्हणून काळजी घेणाऱ्यालाच घ्यावी लागेल. आमचे मत असे की, शाळेने यापुढे बक्षीस म्हणून बाटलीतून भरता येणारेच पेन द्यावे आणि सोबत शाईची एक बाटली द्यावी. ड्रॉपरने दांड्यातच शाई भरायची साधी पेने आपल्या देशात कित्येक वर्षे बनत आली आहेत. राजमहेंद्रीच्या रत्नम यांचे पेन त्यातलेच. १९३५ साली गांधीजींनी त्या पेनाबद्दल त्यांना पत्र लिहिले होते. तसल्या पेनाला कार्ट्रिज नाही, तोंड नाही, कंपनी राहिली काय नि बुडाली काय, फरक पडत नाही. बाजारात जी शाई असेल ती चालते.

आणि शाईची आपल्याला वाण नाही. मुंबईत गिरगावात दांडेकर बंधूंनी १९३१ साली सुरू केलेल्या उद्योगाची उंट छापाची शाई आपण सगळेच वापरत मोठे झालो. त्या कॅम्लिनची मालकी २०११ पासून प्रामुख्याने जपानी कंपनीकडे आहे, पण बाटली अजून दुकानात आहे. बंगालची सुलेखा स्वदेशीच्या चळवळीतून १९३४ साली निघाली, मध्ये बंद पडली, आता पुन्हा मिळते. हिशेबही करून पाहावा. ६० मिलिलिटरच्या एका बाटलीतून ते पाऊण मिलिलिटरचे आखूड कार्ट्रिज ८० वेळा भरेल. ज्या किमतीत चांगल्या कंपनीचे पाच कार्ट्रिजांचे पाकीट येते, त्या किमतीत शाईची बाटली येऊन वर सुटे पैसे उरतात. शिवाय रिकाम्या प्लॅस्टिकचा कचरा नाही.

पालकांपैकी काहींचे म्हणणे आम्हाला ठाऊक आहे. शाई सांडते, गणवेश खराब होतो, परीक्षेत वेळ जातो. सगळे खरे आहे. सर्व मुलांनी शाईच्या पेनाने लिहावे असे आम्ही मुळीच म्हणत नाही. शाईच्या पेनाने अक्षर सुधारते असेही आपण मोठी माणसे फार ठामपणे सांगतो. आमच्या स्वतःच्या अक्षराकडे पाहून आम्ही तसे म्हणायला धजत नाही. म्हणणे एवढेच की, ज्याला पेन दिले त्याला ते भरता आले पाहिजे.

आता ड्रॉवरमध्ये पडलेल्या पेनांविषयी. ती टाकू नयेत. रिकामे कार्ट्रिज पाण्याने स्वच्छ धुऊन बोथट सुईच्या सिरिंजने पुन्हा भरता येते. चार-सहा वेळा भरल्यावर तोंड सैल पडते, तोवर काम चालते. काही कंपन्यांच्या पेनांना कार्ट्रिजच्या जागी कन्व्हर्टर बसतो. म्हणजे एक छोटासा पंप, त्याने बाटलीतून थेट शाई ओढता येते. बाईंच्या पार्करला आम्ही तोही घेतला आहे. सुकलेली निब साध्या पाण्यात रात्रभर ठेवावी. गरम पाणी नको, स्पिरिट तर अजिबात नको, जुने प्लॅस्टिक वाकडे होते. चित्रकलेच्या तासाची काळी जलरोधक शाई पेनात कधीही घालू नये; ती आतच चिकटून बसते. यावर्षीपासून दर शनिवारी शाळा सुटल्यावर अर्धा तास कार्यालयात शाई आणि सिरिंज ठेवलेली असेल. सिरिंज बाबूच हाताळतील, मुलांनी फक्त पेन आणि कार्ट्रिज आणावे. बक्षिसाची पेने असलेल्यांनी आधी यावे.

वॉटरमनचे सांगायचे राहिले. त्यातही एक रिकामे कार्ट्रिज होते, पण पहिल्या चुकीनंतर आम्ही शहाणे झालो होतो. ते टाकले नाही. तीन दिवस पाण्यात ठेवले, धुतले, भरले. पेन लिहिते. तोंडाशी किंचित ओलसर होते, म्हणून खिशात ठेवत नाही. आमच्या टेबलावर, पेल्यात उभे असते, आणि स्नेहसंमेलनाच्या प्रमाणपत्रांवर आम्ही त्यानेच सह्या करणार आहोत. हे एकुलते कार्ट्रिज फुटले की मग काचेच्या पेटीचा विषय मंडळाने पुन्हा घ्यावा, आमची हरकत नसेल. तोवर कोणाच्या घरी आजोबांच्या टेबलाच्या खणात, सुया-गुंड्यांच्या डब्यात, जुन्या चष्म्याच्या पेटीत वॉटरमनचे जुने रिकामे कार्ट्रिज सापडले, तर ते न धुता, आहे तसे, कार्यालयात बाबूंकडे आणून द्यावे. बाबू त्याची रीतसर नोंद करतील. कोणत्या शब्दात, ते कोषाध्यक्षांनी ठरवायचे आहे.